कानएमोन यांच्या जागी

— नाही नाही, उठू नकोस, बस. हाच वर्ग. म्हणजे वर्गच आहे हा — टेबलं आहेत, फळा आहे, अजून काय पाहिजे? मराठी ऐकून दचकलीस ना? मघाशी तू बाहेर चपला काढताना फोनवर बोलत होतीस — "ठेवते गं आई, पोचले मी" — तेव्हाच मी म्हटलं, चला, आली आपली बाई. पुण्याची का? नाशिक? चालेल, नाशिकही चालेल. हा चहा घे. बाहेरच्या यंत्रातला आहे, हिरवा, कडू — सवय होते. सगळ्याची होते. नाव काय म्हणालीस, अक्षया? छान. मी चित्रा. चित्रा-सान म्हण, इथं सगळे तेच म्हणतात. काकू नको म्हणूस, काकू ऐकलं की मला लगेच कुणाला तरी वाढायला उठावंसं वाटतं. हां, तर अक्षया, हे रजिस्टर. इथं, सातव्या ओळीत, नाव, पत्ता, जन्मतारीख, सही. हे पेन. आत्ताच केलंस तर बरं, कारण पावणेअकराला पालिकेच्या ऑफिसातले ओकुमुरा-सान यायचेत — नाही गं, तुझ्यासाठी नाही येत. आधी वाचायचंय? वाच की. वाचता येतं का तुला जपानी? नाही ना? मग सही कर. अगं, गंमत केली! सांगते, सगळं सांगते, तू नुसतं पेन हातात धरून ठेव.

काय शिकवतात? जपानीच शिकवतात. जपानी नाही तर काय कानडी शिकवतील इथं? फक्त — जरा जुनं आहे. थोडंसंच. दोन-अडीचशे वर्षं. आता तोंड नको असं करूस, ऐकून तर घे. पाया पक्का होतो. मला विचारशील तर सतराशे ऐंशी सालच्या गावच्या पाटलानं सरकारात केलेला अर्ज मी घडाघडा वाचते, कुंचल्यानं लिहिलेला, आमच्या मोडीची आठवण यावी असा एकात एक गुंतलेला. कचऱ्याचं पत्रक मात्र नाही वाचता येत. प्लास्टिक मंगळवारी की गुरुवारी हे अजून शेजारच्या बाईंच्या दारासमोर काय पडलंय ते बघून ठरवते. बोलणं? बोलते की. अस्खलित बोलते. फक्त लोक जरा — परवा कोंबिनीत, कोपऱ्यावरच्या त्या दुकानात गं, पोरानं विचारलं पिशवी हवी का, तर मी म्हटलं, "भीत भीत आणि कपाळ जमिनीला टेकवून विनंती करते की एक पिशवी देण्याची कृपा व्हावी." मला तेवढंच येतं! त्यानं आत जाऊन मॅनेजरला आणलं. दोघांनी वाकून नमस्कार केला आणि पिशवीचे पैसेच घेतले नाहीत. म्हणजे असं बघ, एखादी जपानी बाई पुण्यात उतरली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "विज्ञापना ऐसीजे, आमची स्वारी शिवाजीनगरास पोचती करावी" — तर तो मीटर टाकेल की मुजरा करेल? तसं आहे माझं. शशांकच्या शाळेत पालकसभेला एकदा बोलले, तर बाई उठूनच उभ्या राहिल्या. शशांक म्हणजे माझा मुलगा, अकरा वर्षांचा. तेव्हापासून शाळेचं पत्रकच घरी आणत नाही. "आई, तू सामुरायसारखी बोलतेस," म्हणतो — तेही जपानीत म्हणतो, आणि मला ते अर्धंच कळतं.

कशी आले? तुझ्यासारखीच. म्हणजे — आम्ही आधी टोकियोला होतो, तोयोसुत, बाविसाव्या मजल्यावर. दोन हजार अकराचा मार्च. तो भूकंप. चारुदत्त, माझा नवरा, ऑफिसात, शशांक चार वर्षांचा, झोपलेला. इमारत पडत नाही गं, नुसती डुलते, आणि डुलतच राहते. फडताळावरचा गणपती या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेला, तिथं थांबला, आणि परत इकडे आला. मी शशांकला घेऊन टेबलाखाली बसून गणपतीकडे बघत होते. आठवड्याभरात आमच्या इमारतीतली निम्मी मराठी घरं विमानात बसली. चारुदत्तच्या कंपनीनं आम्हाला इकडे नागोयाजवळ हलवलं — दोन महिन्यांपुरतं. ते दोन महिने अजून चालूच आहेत. इथं ओळखीचं कुणी नाही, खाली दुकानात बोलायची चोरी, आणि रात्री जरा ट्रक गेला की मी शशांकला उचलून दाराशी. मला फार एकटं वाटायचं, अक्षया. तर कुणीतरी सांगितलं, स्टेशनमागच्या कोमिनकानमध्ये, म्हणजे या समाजमंदिरात, परदेशी लोकांसाठी जपानीचा फुकट वर्ग असतो. आले. दार उघडं दिसलं, आत सात-आठ म्हातारी माणसं, मी आत बसले. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, माझ्यापुढं कागद ठेवला, नुसत्या वळवळत्या रेघा. मला वाटलं, ही मुळाक्षरं. सगळ्याच भाषांची मुळाक्षरं पहिल्यांदा गिचमिडच दिसतात की. सेन्सेईंनी काहीतरी विचारलं, मी म्हटलं, "हाइ." अजून काही विचारलं, पुन्हा "हाइ." मला तेवढा एकच शब्द यायचा. नंतर कळलं की त्यांनी विचारलं होतं, आपण भारतातून खास आमच्या कानएमोन यांच्या अभ्यासासाठी आलात काय, आणि मी हो म्हटलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कधी कळलं? आठ महिन्यांनी. मग उठले का नाही? अगं, तोवर इथल्या मिझुनो-सानांनी माझ्या नावाची उशी शिवली होती. ही बघ, ही. सेन्सेई माझ्यासाठी एकेक अक्षर मोठं करून छापून आणायचे, ऐंशी पार केलेला माणूस, झेरॉक्सच्या यंत्रात दहा-दहा येनची नाणी टाकत उभा. त्यांना कसं सांगायचं, मी खोली चुकले म्हणून? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आणि खरं सांगू — मला आवडायला लागलं होतं. हो, आवडायला लागलं. आवडल्याशिवाय सात वर्षं कोण येतं?

कानएमोन कोण? अगं बाई, कानएमोन कोण विचारतेस! हा बघ, हा भिंतीवरचा, हातात गाठींची दोरी. मोरिशिमा कानएमोन. या गावचा मुखिया, धंदा सोया सॉस करायचा, पण सॉस सगळा बायकोनंच केला, कारण हा दिवसभर टेकाडावर. गावामागं टेकाड आहे ना, वर देवीचं देऊळ, बस तिथूनच वळते — ते टेकाड. हजार वर्षांपूर्वी म्हणे सरकारनं देशभरातल्या देवळांची यादी केली होती, आणि आपल्या या तालुक्याच्या नावापुढं त्यात एकच देऊळ आहे. एक! कुठलं, कुठं, कुणाचं, काही नाही. झालं, पुढं सातआठशे वर्षांनी जिकडेतिकडे असे कानएमोन उपजले — कुणी गावचा मुखिया, कुणी वैद्य, कुणी पुजारी — आणि जो तो म्हणायला लागला, ते देऊळ आमचंच, आणि त्याखाली पुराणकाळचा राजा पुरलाय तोही आमचाच. कानएमोन चाळीस वर्षं एकच काम करत होता. दोरीनं टेकाड मोजलं. उन्हाळ्यात मोजलं, हिवाळ्यात पुन्हा मोजलं — थंडीनं टेकाड आकसतं का बघायला. ऐंशीच्या पुढच्या सगळ्या म्हातारींना विचारून शेतांची जुनी नावं लिहून काढली, आणि एकीनं नाव चुकीचं सांगितलं असा संशय आला म्हणून तिला अकरा वेळा विचारलं. शेवटी तिनं त्याच्या अंगावर मुळ्याचं पाणी ओतलं, तेही लिहिलंय. आणि बाणांचं तर काय सांगू! पाऊस पडून गेला की टेकाडावर दगडी बाणांची टोकं सापडायची. लोक म्हणायचे, आकाशात देवांची लढाई होते, त्यातले खाली पडतात. कानएमोन म्हणाला, बघितल्याशिवाय लिहिणार नाही. मोठा माणूस गं! गावातल्या सगळ्या घरांतल्या चटया मागून आणल्या, अख्ख्या टेकाडावर अंथरल्या, आणि तीन पावसाळे, तीन, छत्री घेऊन मधोमध बसला, बाण पडताना पकडायला. त्याच्या वहीचं पान एकशे बारा — "एकही बाण पडला नाही. एक बेडूक पडला. लांबी दोन बोटं." आणि खाली बेडकाचं चित्र. सुंदर चित्र आहे. सेन्सेई ते पान वाचताना दरवेळी रडतात.

हसू नकोस. बरं, हस. मीही हसले होते. पण मी सदाशिव पेठेतली, मला या प्रकाराचं नवल नाही. नदीपलीकडे दुसरं गाव आहे ना, जिथं तो मोठा मॉल झालाय, तिथं त्या काळात गेन्साई नावाचा एक वैद्य होता, तो म्हणाला, खरं टेकाड आमच्याकडे, तुमचं खोटं. यानं पुस्तक लिहिलं, त्यानं खंडन लिहिलं, यानं खंडनाचं खंडन. गेन्साईनं तर असंही लिहिलंय की तो बेडूक मूळचा नदीपलीकडचा. आणि ते भांडण अजून चालू आहे — आमचं मंडळ वेगळं, त्यांचं वेगळं. त्यांच्याकडे चाळीस माणसं, एसी, काचेची कपाटं, संग्रहालय म्हणे. आमच्याकडे हत्तोरी-सान, ट्राम चालवायचे, आता ऐकू येत नाही. मिझुनो-सान, त्या लोणचं आणतात. दोघी बहिणी आहेत, पैकी धाकटी नदीपलीकडे दिलेली, म्हणून थोरली तिच्या शेजारी बसत नाही, मध्ये मला बसवते. अडीचशे वर्षं एका टेकाडावरून अबोला! मला तर पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा वाटलं, आले बाई माहेरी.

हां, रजिस्टर. इथंच घोडं पेंड खातं. नियम असा आहे की कोमिनकानची खोली पाहिजे तर मंडळात सात माणसं हवीत. सहा झाली की खोली गेली, मंडळ बंद. आम्ही होतो नऊ. मग आठ. मग सात. वयं बघ ना त्यांची. गेल्या जानेवारीत यासुदा-सान गेले आणि आम्ही राहिलो सहा. सेन्सेई मोतीबिंदूसाठी दवाखान्यात, फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. सातवी ओळ रिकामी. मी काय करणार? मी कानएमोन यांचं नाव लिहिलं.

अगं, खोटं कुठं लिहिलं? दर शनिवारी खोलीत असतातच ते! जन्मसालही खरं लिहिलं. होरेकी तिसरं वर्ष, म्हणजे सतराशे त्रेपन्न. पण फॉर्मवर राजांच्या कारकिर्दींचे चारच चौकोन — मेइजी, ताइशो, शोवा, हेइसेइ. होरेकीचा चौकोनच नाही. मी आपली त्यातल्या त्यात सगळ्यात जुनी, मेइजी, तिच्याभोवती गोल केला आणि पुढं तीन लिहिलं, म्हणजे झालं अठराशे सत्तर. मला वाटलं, कोण बघतंय? आणि खरंच कुणी बघितलं नाही, सगळं सुरळीत. पण संगणकानं बघितलं. या महिन्यात वृद्धांचा मान ठेवायचा दिवस असतो ना इथं, सुट्टी असते बघ — तर संगणकानं ओकुमुरा-सानना यादी काढून दिली. मंडळांतले सर्वांत ज्येष्ठ सदस्य, मोरिशिमा कानएमोन, वय वर्षं एकशे अठ्ठेचाळीस. हात दाखवून अवलक्षण ते हेच. ओकुमुरा-सान नवे आहेत, एप्रिलमध्ये पाणीखात्यातून बदलून आलेत. त्यांचा फोन आला. म्हणाले, मोरिशिमा-सामांना कडक बिस्किटं चाववतात का, भेटवस्तूत घालायची होती. मी म्हटलं, नको, मऊच द्या. म्हणाले, जिना चढतील की चाकाची खुर्ची आणू? मी म्हटलं, ते फारसे बाहेर पडत नाहीत. म्हणाले, म्हणजे झोपूनच असतात? मी म्हटलं, तसंच म्हणायचं. किती दिवस? म्हटलं, बरेच. बिचाऱ्यांनी एकदाही विचारलं नाही की बाई, एकशे अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस असतो का! विचारणारच नाहीत, त्यात समोरच्याचा अपमान होतो ना. आणि आज पावणेअकराला ते मानपत्र, चांदीचा पेला आणि एक उशी घेऊन येतायत. फोटोवालाही आहे बरोबर. म्हणून म्हणते, तू सातव्या ओळीत सही कर. मी वर लिहून ठेवलंय, "मोरिशिमा-सान यांनी प्रकृतीच्या कारणास्तव सदस्यत्व सोडले." त्यांच्या जागी अक्षया. सात पूर्ण. तुझं काय जातंय?

पत्रक? कसलं पत्रक आहे ते तुझ्या हातात, बघू. हो. हो, लिहिलंय खरं, दुसरा मजला. अगं, छापायच्या चुका होतात. बाणाची पाटी? खाली दाराशी बाण इकडे होता म्हणून तू इकडे आलीस? हो ना. मग बरोबर. बाणावर विश्वास ठेवावा माणसानं. असं बघू नकोस माझ्याकडे. बरं, मीच फिरवली पाटी. सकाळी साडेनऊला येऊन फिरवली. चार शनिवार फिरवतेय. पहिल्या शनिवारी एक ब्राझीलचा मुलगा आला, कानएमोन यांचं चित्र बघून पळाला. मग एक नेपाळी जोडपं आलं, त्यांनी लोणचं खाल्लं आणि गेले. तू चौथी. आणि तू मराठी निघालीस, तेव्हा मला वाटलं, आता हिला मी बसवणारच. मी काही वाईट बाई नाही गं. पुण्याला मी कधी रांगसुद्धा मोडली नाही.

पण तुला माहीत नाही ना, मंडळ बंद झालं की काय होतं. नियमच आहे, मंडळाची कागदपत्रं तालुक्यातल्या संग्रहालयात जमा. आणि तालुक्यात संग्रहालय एकच. नदीपलीकडचं. कानएमोन यांची वही तिकडे जाणार! सोमवारी जाईल आणि बुधवारी ते लोक शेवटचं पान वाचतील. शेवटचं पान — जाऊ दे. काही नाही. तू सही कर.

बरं, ऐक. तुला म्हणून सांगते. तू नाशिकची आहेस, तुला या टेकाडाचं काय पडलंय? सत्तराव्या वर्षी कानएमोन यांनी टेकाड खणलं. एकट्यानं, राजा बघायचा म्हणून. पुरुषभर खोल गेले. आणि खाली काय सापडलं माहितीय? सॉसच्या बरण्यांचे तुकडे. त्यांच्याच आज्याच्या छापाच्या. गाडीचं मोडकं चाक. अगं, आज्यानं गावचं तळं खणून घेतलं होतं, त्यातून निघालेली माती इथं आणून टाकलेली, त्याचं हे टेकाड! राजा नाही, देव नाही, काही नाही. मातीबरोबर आलेले ते बाण. शेवटच्या पानावर लिहिलंय त्यांनी, अक्षर कापतंय — "गेन्साईचं खरं असावं. पण चाळीस वर्षं मी सांगितलं म्हणून लोक इथं दर शरदात नवा भात आणून ठेवतात. आता कोणत्या तोंडानं सांगू? खड्डा बुजवला. पाऊस नाही." संपलं. ते पान मी गेल्या आठवड्यात वाचलं आणि भांडी तशीच टाकून बसून राहिले. कारण सेन्सेई एक्याण्णव वर्षांचे आहेत. किनोशिता सेन्सेई. एकोणीसशे एकसष्टपासून ही वही सांभाळतायत, लग्नसुद्धा केलं नाही त्या माणसानं, आणि दर शरदात स्वतः भात घेऊन जातात टेकाडावर. नदीपलीकडचे लोक हे पान काचेच्या कपाटात लावतील, दिवा सोडून वरून. ते मी होऊ देणार नाही. माझी वाचायची पाळी आज आहे — मी सांगणार होते, शेवटचं पान किड्यांनी खाल्लं. मंडळ राहिलं तर ते पान माझ्यापाशी राहील. कळलं आता, सही का पाहिजे ते?

काय? आजवर कुणी वाचलं कसं नाही? अगं, शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. सेन्सेई म्हणायचे, ओलीनं चिकटली असतील, जुनी वही, ओढाल तर फाटेल. मी भाताच्या कुकरची वाफ दिली. झाकण काढून वर धरली, हळूहळू, आणि पातळ सुरीनं सोडवलं. काय सुरेख सुटलं! गोंद अगदी पांढरा, शशांकच्या दप्तरात असतो ना, हिरवी बाटली, पिवळं झाकण, अगदी तोच वास —

तोच वास.

थांब. थांब जरा. कानएमोन यांच्या वेळी कुठला गं तो गोंद? वही तर कुणाच्या हातात कधी दिलीच नाही सेन्सेईंनी. आम्हाला सगळ्यांना छापील पानं. मूळ वही त्यांच्या घरी, लाकडी पेटीत, पेटीची किल्ली गळ्यात. म्हणजे — त्यांनीच. म्हणजे त्यांना माहीत आहे. कधीपासून? एकसष्टपासून? सत्तावन्न वर्षं भात ठेवतायत तिथं, माहीत असून? आणि दवाखान्यात जाताना वही माझ्या हातात दिली, मिझुनो-सानांच्या नाही, हत्तोरी-सानांच्या नाही, माझ्या. म्हणाले, "शेवटचं पान तुम्ही वाचा, चित्रा-सान. तुम्हाला जमेल." मला वाटलं, माझ्या वाचनाचं कौतुक. मलाच का पण? मी काय अशी —

अगं आई गं. त्यांना माझंही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून! मी वरच्या वर्गाला आले होते, खोली चुकले होते, हे त्यांना दारातच कळलं असणार, नाहीतर ती अक्षरं मोठी करून छापायची काय गरज होती? सात वर्षं गं! सात वर्षं एक शब्द बोलला नाही हा माणूस! मी इथं सामुरायसारखी बोलत हिंडतेय, माझं पोर शाळेचं पत्रक लपवतंय, आणि हे चहा ओतून देतायत. चांगला माणूस आहे. फार चांगला माणूस आहे. मला आत्ता त्यांचा इतका राग आलाय ना, की समोर असते तर वाकून विनंती केली असती.

तू काय बघतेस? तुला कशाला शिकायचंय जपानी? काय — पाचवा? अगं, मग मघापासून हा कडू चहा काय पितेस, ठेव तो. आणि डॉक्टर जपानीच बोलतात, आणि नवरा शनिवारीसुद्धा फॅक्टरीत. हो. असंच असतं. काय काय विचारायचं असतं गं त्या दिवसांत, दुखतंय कुठं, हलतंय का, आणि तू मला सांगतेस, मी मात्र तुला दुष्काळात सारा माफ करायचा अर्ज शिकवणार होते.

पेन दे इकडे. दे म्हणते ना. नाही करायची सही, काही नाही करायची. ओकुमुरा-सानना मी बघते — सांगेन, कानएमोन यांना देवाज्ञा झाली, खरंच आहे ते. खोली जायची असेल तर जाऊ दे. पान मी आज वाचणार, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, पुढं काय व्हायचं ते होऊ दे. तू ऊठ. पिशवी घे. या दारानं बाहेर, डावीकडे जिना, सावकाश चढ, कठडा धर. तुझा वर्ग सुरू व्हायला अजून सात मिनिटं आहेत. आणि हे बघ, वर गेल्यावर कुणी कितीही गोड हसून बस म्हणालं ना, तरी आधी विचार, हा कसला वर्ग आहे म्हणून. नीट विचार हं. मी नव्हतं विचारलं. जा.